आश्रिताच्या मुठीतली महासत्ता

प्रश्न संरक्षणशास्त्राच्या एका विद्यार्थ्याचा आहे: "एवढं सैन्य, एवढा पैसा, एवढं तंत्रज्ञान हाताशी असताना महासत्ता विकसनशील देशांतल्या गनिमी युद्धांत रुततात का? आपलं सैन्य न पाठवता तिथल्या सरकारला किंवा बंडखोरांना पैसा आणि शस्त्रं पुरवून बाहेरच्या बाहेर काम भागत नाही का?"

दुसरा भाग जास्त महत्त्वाचा, म्हणून आधी त्याचं बोलतो. भागतं, कधीकधी भागतं. पण आपण ज्याला पोसतो तो आपल्या सांगण्यात राहील हे गृहीत धरूनच सगळे आराखडे आखले जातात, आणि घोटाळा तिथे होतो. पायदळात असताना माझी बरीच वर्षं बंडखोरीविरोधी मोहिमांत गेली, पुढे तरुण अधिकाऱ्यांना हाच विषय शिकवला. त्यातून एक मत पक्कं झालं: महासत्तेचा पैसा आणि अब्रू जितकी जास्त गुंतते, तितका तिचा शब्द त्या देशात कमी चालतो. कर्ज हाताबाहेर गेलं की कुळ सावकाराला भीत नाही. सावकारच कुळाच्या तब्येतीची चौकशी करत फिरतो.

व्हिएतनामचं उदाहरण सगळेच देतात, पण बहुतेक जण १९६५ पासून सुरुवात करतात. गोष्ट १९५० ची आहे. इंडोचायनात, म्हणजे आजच्या व्हिएतनाम-लाओस-कंबोडियात, फ्रान्स आपली वसाहत टिकवायला लढत होता. अमेरिकेला फ्रेंच वसाहतींचं काही प्रेम नव्हतं, पण १९४९ मध्ये चीन कम्युनिस्टांकडे गेला होता आणि युरोपात रशियाविरुद्ध फ्रान्स सोबत हवा होता. म्हणजे पहिला डॉलर व्हिएतनामकडे बघून गेलाच नाही, तो पॅरिस आणि पेकिंगकडे (आजच्या बीजिंगकडे) बघून गेला. मे १९५४ मध्ये दिएन बिएन फूचा फ्रेंच तळ पडला तोवर फ्रेंचांच्या युद्धखर्चाचा सुमारे तीन-चतुर्थांश वाटा अमेरिका उचलत होती. फ्रेंच गेले, दक्षिणेत न्गो दिन्ह झिएमचं सरकार आलं, पैशाबरोबर सल्लागारही आले. १९६० मध्ये ते शेकड्यांत मोजता येत होते, १९६३ च्या अखेरीस १६,००० झाले. मग विमानं आली, विमानांना तळ लागले, तळांना पहारा लागला. ८ मार्च १९६५ ला दानांगच्या किनाऱ्यावर सुमारे साडेतीन हजार मरीन उतरले तेव्हा त्यांना दिलेलं काम होतं विमानतळाची राखण. पण नुसती राखण करत बसलेल्या पायदळावर रोज उखळी तोफांचे गोळे पडायला लागले की कुठलाही कमांडर कुंपणाबाहेर गस्त घालायची परवानगी मागणारच. मीही मागितली असती. एप्रिल १९६९ मध्ये तिथे ५,४३,००० अमेरिकी सैनिक होते. युद्धाची रीतसर घोषणा शेवटपर्यंत झाली नाही.

या काळात झिएमचं वागणं बघा. जमिनीच्या सुधारणा करा, भावाला आवरा, बौद्धांना छळू नका, असं वॉशिंग्टन सांगत राहिलं. तो ऐकून घेत असे आणि करत काही नसे. कारण त्याच्याकडे एकच पत्ता होता आणि तो हुकमाचा होता: मी पडलो तर देश कम्युनिस्टांकडे जाईल. आश्रित जितका दुबळा, तितका हा पत्ता भारी. शेवटी नोव्हेंबर १९६३ मध्ये अमेरिकेच्या मूक संमतीने सेनापतींनी त्याला उलथलं आणि मारलं. त्यानंतर दक्षिणेच्या राजधानीत, सायगावमध्ये, एकामागून एक सरकारं येत-जात राहिली, आणि ज्या सत्तापालटाला आपण मान डोलावली त्याची जबाबदारी टाळणं अमेरिकेला अवघड झालं. गुंता सुटण्याऐवजी गाठ पक्की बसली.

पलीकडच्या बाजूचा खेळ मात्र क्वचितच शिकवला जातो. हनोई, म्हणजे उत्तर व्हिएतनामचं कम्युनिस्ट सरकार, हेसुद्धा आश्रितच होतं, पण त्याला धनी दोन होते. साठच्या दशकात मॉस्को आणि पेकिंग एकमेकांचे वैरी झाले होते, आणि 'खरा क्रांतिकारक कोण' या चढाओढीत दोघांनाही हनोईला मदत करणं भाग होतं. रशियाकडून क्षेपणास्त्रं आणि रणगाडे आले. चीनने १९६५ नंतर टप्प्याटप्प्याने मिळून तीन लाखांहून जास्त सैनिक पाठवले. ते लढाईच्या आघाडीवर नव्हते, रेल्वे-रस्ते दुरुस्तीला आणि विमानविरोधी तोफांवर होते, पण त्यामुळे हनोईला आपलं मनुष्यबळ दक्षिणेकडे वळवता आलं. एवढं घेऊनही हो ची मिन्ह आणि त्यांचे सहकारी दोघांपैकी कुणाचेच मिंधे झाले नाहीत. फेब्रुवारी १९७९ मध्ये तर त्याच चीनने व्हिएतनामवर हल्ला केला. ज्या आश्रिताला दोन दारं उघडी असतात तो कुणाच्याच अंगणात बसून राहत नाही.

आता अफगाणिस्तान. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण धोका दिसत असूनही माणसं आत कशी जातात याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

एप्रिल १९७८ मध्ये काबूलमध्ये अफगाण कम्युनिस्टांनी सत्ता बळकावली. जमीनवाटप, मुलींचं शिक्षण, कर्जमाफी असे हुकूम खेड्यांवर आदळले, सोबत अटका आणि कत्तली. मार्च १९७९ मध्ये हेरातला उठाव झाला आणि तिथली लष्करी तुकडीच बंडखोरांना मिळाली. घाबरलेल्या तराकीने, नव्या कम्युनिस्ट राजवटीच्या प्रमुखाने, सोविएत पंतप्रधान कोसिगिन यांना फोन केला: सैन्य पाठवा, तुमचे ताजिक, उझबेक सैनिक आमच्या वेशात पाठवलेत तर कुणाला कळणारही नाही. कोसिगिन यांनी नकार दिला. ही गोष्ट लपणार नाही, जगाला लगेच कळेल, आणि बाहेरचं सैन्य आलं की लोक आणखी बिथरतील, अशी त्यांची कारणं होती. त्या महिन्यात पॉलिटब्युरोचं, म्हणजे सोविएत पक्षाच्या सर्वोच्च मंडळाचंही तेच मत पडलं. म्हणजे मॉस्कोला समजत नव्हतं असं म्हणायला जागाच नाही.

मग नऊ महिन्यांत काय बदललं? अफगाणिस्तानातली परिस्थिती बिघडली हे खरं, पण बिघडली ती मुख्यतः आश्रितांच्या आपसातल्या भांडणामुळे. सप्टेंबरमध्ये तराकीचाच सहकारी हफिजुल्ला अमीन याने त्याला हटवलं आणि पुढच्याच महिन्यात ठार करवलं. तराकी हा ब्रेझनेव्ह यांनी नुकताच मॉस्कोत गळाभेट देऊन पाठवलेला माणूस. त्यात अमीन एकेकाळी अमेरिकेत शिकलेला, त्यामुळे तो अमेरिकेकडे झुकेल असा संशय केजीबीला आला. सरसेनापती ओगार्कोव्ह यांनी विरोध केला, त्यांना गप्प करण्यात आलं. १२ डिसेंबरला मोजक्या नेत्यांनी निर्णय घेतला, आणि २७ डिसेंबर १९७९ ला सोविएत विशेष दलाने ताजबेग महालात अमीनला मारलं. गंमत अशी की सोविएत सैन्य पाठवा म्हणून जे विनवत होते त्यांत हा अमीनही होता. जी कुमक त्याने मागितली तिनेच त्याला संपवलं.

पुढे नऊ वर्षं एक लाखाच्या आसपास सैन्य तिथे राहिलं, त्यातले सुमारे १५,००० मेले. मेलेल्या अफगाणांची संख्या लाखांत जाते. अमीननंतर सोविएतांनी बसवलेला बब्राक करमाल गादीवर होता, पण निर्णय सोविएत सल्लागार घेत. मग अफगाण मंत्र्यांनी जबाबदारी तरी का घ्यावी? रस्ता राखायचाय, रशियन राखतील. लढायचंय, रशियन लढतील. मदतीमुळे यजमान अपंग होतो तो असा.

थोडं विषयांतर करतो. मी कंपनी कमांडर असताना एका भागात आम्हाला अतिरेक्यांना आसरा देणाऱ्यांची नावं मिळायला लागली. माहिती इतकी नेमकी की आम्ही खूश. दोनेक महिन्यांनी माझ्या सुभेदारांनी लक्षात आणून दिलं की यादीतली बहुतेक घरं एकाच बांधाच्या पलीकडची आहेत. माहिती देणाऱ्याचा त्यांच्याशी जमिनीचा जुना वाद होता आणि तो आमच्या गस्तीकडून निकाली काढून घेत होता. आम्ही त्याच देशाचे, भाषा जवळपास कळणारे, तरी फसलो. दुभाष्यावर विसंबलेल्या, सहा-बारा महिन्यांनी बदलून जाणाऱ्या परक्या सैन्याचं काय होत असेल ते बघा. २००१ नंतर दक्षिण अफगाणिस्तानात हेच मोठ्या प्रमाणावर झालं. स्थानिक बलदंडांनी आपल्या प्रतिस्पर्धी टोळ्यांना 'तालिबान' ठरवून अमेरिकी छापे घालवून घेतले, आणि जे लोक लढायच्या मनःस्थितीत नव्हते त्यांना बंदूक उचलायला लावलं. व्हिएतनाममध्ये कम्युनिस्टांचे गुप्त हस्तक हुडकून संपवण्यासाठी आखलेल्या फीनिक्स कार्यक्रमावरही असाच आक्षेप होता.

सरकारऐवजी बंडखोरांना पोसलं तर? त्यात आपलं रक्त सांडत नाही आणि हात वर करायला वाव राहतो. अफगाण मुजाहिदीनांना सीआयएने सुरुवातीला मुद्दाम सोविएत बनावटीची शस्त्रं दिली, इजिप्त आणि चीनकडून विकत घेऊन, म्हणजे पकडली गेली तरी लुटीची वाटावीत. सौदी अरेबियाने डॉलरला डॉलर लावला. पण वाटप पाकिस्तानच्या आयएसआयच्या हाती होतं. १९८० च्या सुरुवातीला कार्टर यांनी पाकिस्तानला ४० कोटी डॉलर देऊ केले तेव्हा झिया उल हक यांनी ती रक्कम 'शेंगदाणे' म्हणून झिडकारली (कार्टर यांची शेंगदाण्याची शेती होती, टोमणा दुहेरी). पुढच्या वर्षी रेगन यांच्याकडून ३२० कोटींचा करार मिळवला. शिवाय पाकिस्तानच्या अणुकार्यक्रमाकडे दशकभर काणाडोळा झाला. सोविएत सैन्य गेल्यावर, १९९० मध्ये, अमेरिकेला अचानक तो दिसू लागला आणि मदत थांबली. कोणत्या मुजाहिदीन गटाला किती द्यायचं हे इस्लामाबादने ठरवलं, आणि सर्वांत मोठा वाटा गुलबुद्दीन हिकमतयारला गेला. तो अमेरिकेचा उघड द्वेष करत असे. पैसा वॉशिंग्टनचा, निवड दुसऱ्याची.

मुजाहिदीनांना दिलेल्या स्टिंगर क्षेपणास्त्रांबद्दल (खांद्यावरून डागायची, विमानं पाडणारी) विद्यार्थी हटकून विचारतात. सप्टेंबर १९८६ मध्ये जलालाबादजवळ त्यांचा पहिला यशस्वी वापर झाला, सोविएत हेलिकॉप्टरं उंचावरून उडू लागली, खालच्या सैनिकांना आधार कमी मिळू लागला. पण गोर्बाचेव्ह यांनी त्या युद्धाला वाहती जखम म्हटलं ते त्याच वर्षी फेब्रुवारीत. निघायचं त्यांच्या मनाने आधीच घेतलं होतं. एका शस्त्राने महासत्ता हरवली ही कथा शस्त्र देणाऱ्यांना आवडते, म्हणून ती टिकून आहे.

अंगोलाची कथा तर तर्काच्या पलीकडची. ११ नोव्हेंबर १९७५ ला पोर्तुगिजांपासून स्वातंत्र्य, आणि तोवर तीन गटांचं युद्ध पेटलेलंच. डाव्या, पुढे सरकार झालेल्या एमपीएलए गटाच्या मागे सोविएत शस्त्रं आणि क्युबाचं सैन्य, सुरुवातीच्या काही महिन्यांतच सुमारे ३६,०००. क्युबाला मॉस्कोचं प्यादं समजणाऱ्या अमेरिकी अधिकाऱ्यांना पुढे कागदपत्रांतून कळलं की कॅस्ट्रो यांनी सैन्य पाठवायचा निर्णय मॉस्कोला न विचारता घेतला होता. विरोधात युनिटा गटाचा जोनास साविंबी. हा माणूस पूर्वी चीनमध्ये गनिमी युद्धाचं शिक्षण घेऊन आलेला, नंतर वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेचा मित्र, आणि जानेवारी १९८६ मध्ये व्हाइट हाउसमध्ये रेगन यांचा पाहुणा. इकडे अंगोलाच्या काबिंडा प्रांतातलं तेल काढत होती अमेरिकी गल्फ ऑइल, पुढे शेव्हरॉन. ती कंपनी एमपीएलए सरकारला महसूल भरत होती, त्या महसुलातून सोविएत शस्त्रांची बिलं भागत होती, आणि त्या अमेरिकी तेलसाठ्यांची राखण क्युबाचे सैनिक करत होते. मे १९८५ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे कमांडो हेच साठे उडवायला आले, दोन मारले गेले आणि त्यांचा म्होरक्या पकडला गेला. वर्गात हे सांगितलं की पोरं हसतात. मी त्यांना फळ्यावर पैशाचा प्रवास काढायला लावतो. बाणांचं जाळं बघून हसू थांबतं.

डिसेंबर १९८८ च्या करारानुसार क्युबाचं सैन्य परत निघालं, पाठोपाठ शीतयुद्धही संपलं. युद्ध मात्र थांबलं नाही. १९९२ ची निवडणूक साविंबीने नाकारली आणि हिऱ्यांच्या पैशावर तो लढत राहिला. २२ फेब्रुवारी २००२ ला तो मारला गेला आणि सहा आठवड्यांत युद्धबंदी झाली. धनी निघून गेले तरी आश्रित नवा धंदा शोधतो.

मग महासत्तेचं आश्रितावर कधीच चालत नाही का? चालतं, निघून जाण्याची धमकी खरी वाटते तेव्हा. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोरमध्ये सरकार डाव्या बंडखोरांशी लढत होतं, आणि तिथे अमेरिकेने स्वतःवर ५५ लष्करी सल्लागारांची मर्यादा घालून घेतली होती. आकडा राजकीय होता, पळवाटाही होत्या, पण त्यामुळे तिथल्या सैन्याला स्वतःचं युद्ध स्वतः लढावं लागलं. पैसा मात्र वाहत होता, म्हणून मारेकरी टोळ्यांबद्दलच्या तक्रारी दशकभर कानाआड झाल्या. डिसेंबर १९८३ मध्ये उपाध्यक्ष बुश स्वतः जाऊन खडसावून आले तेव्हा हत्या काही काळ घटल्या, कारण मदत तुटेल असं तेवढ्यापुरतं खरंच वाटलं. नोव्हेंबर १९८९ मध्ये अमेरिकेने प्रशिक्षण दिलेल्या अत्लाकात्ल बटालियनच्या सैनिकांनी सहा जेझुइट धर्मगुरू, त्यांची स्वयंपाकीण आणि तिची मुलगी यांना मारलं. शीतयुद्ध संपत आलं होतं, कम्युनिस्टांचा बागुलबुवा दाखवून उपयोग नव्हता. पुढच्या वर्षी अमेरिकी काँग्रेसने निम्मी लष्करी मदत रोखली. जानेवारी १९९२ मध्ये शांतता करार झाला. सरकारचा हुकमाचा पत्ता गेला तेव्हाच त्याला वाटाघाटी सुचल्या.

याची दुसरी बाजू वाईट आहे. ज्यांच्याकडे हा पत्ता कधीच नव्हता त्यांना सोडून देणं महासत्तांना फार सोपं गेलं. इराकमधल्या मुस्तफा बर्झानींच्या कुर्दांना १९७२ पासून इराणच्या शहामार्फत सीआयएची मदत मिळत होती. मार्च १९७५ मध्ये शहा आणि सद्दाम यांचा अल्जीयर्समध्ये समझोता झाला आणि मदत एका झटक्यात बंद. तिबेटच्या खंपा लढवय्यांना कोलोराडोच्या डोंगरांत शिकवून विमानातून सोडलं. निक्सन चीनला जाऊन आल्यावर नेपाळमधल्या मुस्तांगचा त्यांचा तळ १९७४ मध्ये गुंडाळला गेला. लाओसमध्ये अमेरिकेसाठी लढलेल्या ह्मोंग लोकांपैकी मे १९७५ मध्ये विमानात जागा मिळाली ती थोड्यांना. बाकीच्यांपैकी अनेकांनी मेकाँग नदी पोहून पार करायचा प्रयत्न केला.

आजचं चित्र थोडक्यात सांगतो, कारण अजून धूळ बसलेली नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या मालीत २०२१ च्या अखेरीस रशियाचे वॅग्नरचे भाडोत्री सैनिक आले, २०२२ मध्ये आधीपासून तिथे असलेलं फ्रेंच सैन्य गेलं, आणि जुलै २०२४ मध्ये तिनझावातेनजवळ तुआरेग बंडखोरांनी आणि जिहादींनी वॅग्नरला मोठा मार दिला. नायजरमध्ये अगादेझला अमेरिकेने दहा कोटी डॉलरहून जास्त खर्चून ड्रोनचा तळ बांधला. जुलै २०२३ च्या लष्करी बंडानंतर नव्या सत्ताधाऱ्यांनी 'निघा' सांगितलं आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तो रिकामा करावा लागला. तळाचे मालक आपण आहोत असं वाटणं हा जुना भ्रम आहे.

शेवटी बाहेर पडण्याबद्दल, कारण 'रुततात का' याचं निम्मं उत्तर तिथे आहे. महासत्ता आश्रिताचं सैन्य आपल्यासारखं घडवते. दक्षिण व्हिएतनामच्या सैन्याला अमेरिकी पद्धतीने, भरपूर दारूगोळा आणि हेलिकॉप्टरांवर, लढायला शिकवलं. १९७४ मध्ये काँग्रेसने मदत कापली, तेलाचे भाव भडकले, आणि एप्रिल १९७५ मध्ये सायगाव पडलं. काबूलमध्येही तेच. अफगाण सैन्य आणि पोलिसांवर अमेरिकेने सुमारे ८८ अब्ज डॉलर खर्च केले, पण त्यांची विमानं हवेत ठेवणारे परदेशी कंत्राटी तंत्रज्ञ होते. ते निघाले, विमानं जमिनीवर बसली, दूरच्या चौक्यांना रसद मिळेना, आणि १५ ऑगस्ट २०२१ ला राजधानी गेली. तीन लाखांचं म्हणून मिरवलेलं ते सैन्य पगारपत्रकावर होतं तेवढं चौक्यांमध्ये कधीच नव्हतं.

करमालनंतर काबूलच्या गादीवर आलेल्या नजीबुल्ला यांच्या सरकारचा शेवट मात्र वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवा. १५ फेब्रुवारी १९८९ ला शेवटचे सोविएत सैनिक पूल ओलांडून गेले तेव्हा हे सरकार काही महिन्यांचं सोबती आहे असं सगळ्यांनी ठरवलं होतं. महिन्याभरात मुजाहिदीनांनी जलालाबादवर चाल केली आणि सपाटून मार खाल्ला. नजीबुल्लांच्या फौजा सोविएत सैनिकांशिवाय तीन वर्षं लढल्या, कारण धान्य, इंधन, दारूगोळा आणि नोटा उत्तरेकडून येत होत्या, आणि त्या नोटांवर अब्दुल रशीद दोस्तमसारख्या टोळीप्रमुखांची निष्ठा विकत घेता येत होती. १ जानेवारी १९९२ पासून रशिया आणि अमेरिका दोघांनीही आपापल्या बाजूंचा पुरवठा थांबवला. काही आठवड्यांत दोस्तम फुटला. एप्रिलच्या मध्यावर, रात्री, संयुक्त राष्ट्रांच्या गाड्यांतून नजीबुल्ला दिल्लीला निघण्यासाठी काबूलच्या विमानतळाकडे गेले. कुटुंब आधीच दिल्लीत पोहोचलं होतं. विमान उभं होतं. वाटेत दोस्तमच्या सैनिकांनी गाड्या अडवल्या आणि परत फिरवल्या. त्या सैनिकांचा पगार काही महिन्यांपूर्वीपर्यंत नजीबुल्लाच देत होते.